पाइपाच्या तोंडावरची मलमल

घरात कपडे वाळवायचं मशीन पावसामुळे घेतलं, असं आम्ही विचारणाऱ्याला सांगायचो. इंदूरच्या माणसाला हे कारण पटण्यासारखं नाही. इथे पाऊस येतो तसा जातो, आणि उरलेलं वर्ष गच्चीवर इतकं ऊन असतं की सकाळी टाकलेली जीन्स जेवणाच्या वेळेपर्यंत पापडासारखी कडक होते. तरी लोक मान डोलवायचे आणि गप्प बसायचे. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ते खरं आहे, फक्त मूठ झाकलेली आहे हे सगळ्यांना दिसत असतं.

मशीन घेतलं ते माझ्या सासऱ्यांसाठी. एका ऑपरेशननंतर त्यांचा लघवीवरचा ताबा गेला आणि झोपेत अंथरूण ओलं व्हायला लागलं. मोठ्या माणसांसाठीचे डायपर आणून पाहिले, त्यांनी ते एकदा वापरले आणि कपाटाच्या मागे नेऊन टाकले. डॉक्टर म्हणाले होते, हळूहळू सुधारेल. ते ‘हळूहळू’ अजून चालूच होतं.

सुदामा नगरात घराला घर आणि गच्चीला गच्ची लागून आहे. मधे कमरेएवढी भिंत, बस. कोणाच्या दोरीवर काय वाळतंय ते चार घरांना दिसतं, आणि ते वाचणाऱ्यांत आमचे सासरे पहिले. निवृत्तीनंतर सकाळी गच्चीवर फेऱ्या मारताना त्यांना साऱ्या कॉलनीची खबर मिळायची. दुपटी दिसली की बाळंतीण आली, एकाच मापाच्या पांढऱ्या शर्टांची रांग दिसली की मुलाला नोकरी लागली. खाली येऊन चहा पिताना ते सासूबाईंना हे सगळं सांगायचे आणि बहुतेक वेळा बरोबर निघायचं. त्यामुळे रोज एक चादर दोरीवर टाकली तर ती काय सांगेल, हे त्यांना कोणी समजावून द्यायची गरज नव्हती. पहिल्या दिवशी सासूबाई ओली चादर घेऊन जिना चढायला लागल्या तेव्हा ते खालून एवढंच म्हणाले, “वर नको.” या विषयावर ते आमच्यासमोर बोललेलं हे एकमेव वाक्य.

पण गच्चीपेक्षा मोठी गोष्ट देवघराची होती. सासऱ्यांचे पूर्वज संस्थानाच्या काळात कचेरीतल्या नोकरीसाठी इकडे आले तेव्हा देव सोबत घेऊन आले, आणि तेव्हापासून घरातल्या कर्त्या पुरुषाने सोवळ्यात पूजा करायची असा रिवाज. सोवळं म्हणजे काय ते मला लग्नानंतर इथेच नीट कळलं. आमच्याकडे सांगलीला देवाला फूल वाहिलं की झालं. इथे आंघोळ करून धूतवस्त्र नेसायचं, पूजा होईपर्यंत कोणाला शिवायचं नाही, आणि ते धोतर स्वतः धुऊन गच्चीवरच्या उंच दांडीवर काठीने टाकायचं. उंच अशासाठी की वाळताना येणाऱ्या-जाणाऱ्याचा हात लागू नये. हात लागला की ते ओवळं, पूजेला चालत नाही. शेजारच्या गच्चीवर एक माळवी गृहस्थ सकाळी तुळशीला पाणी घालायला येतात. दांडीवर धोतर चढलं की ते रोज म्हणायचे, “चढ़ गया काकाजी का झंडा!” सासरे हसायचे नाहीत, पण ते ऐकल्याशिवाय खालीही यायचे नाहीत.

ऑपरेशननंतर दांडी रिकामी झाली. आम्हाला त्यांनी सांगितलं की हात थरथरतो, पूजा जमत नाही. सासूबाईंना सांगितलं ते वेगळं होतं. मी आता कायमचा ओवळा, असं ते त्यांना म्हणाले. सोवळ्याची धोतरं काढून टाक, मला लागायची नाहीत, असंही म्हणाले. तेव्हापासून पूजा सासूबाई करायच्या आणि ते देवघराच्या उंबऱ्याबाहेर जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची ओढून बसायचे. आत पाऊल टाकायचे नाहीत. एकदा पालक निवडता निवडता सासूबाई मला म्हणाल्या, “चादरी काय गं, मी हातांनी धुईन मरेपर्यंत. पण हे असे देवासमोर पाहुण्यासारखे बसतात ना, ते नाही बघवत. एक बार तरी आत यायला पाहिजेत.” त्यानंतर त्यांनी पालकाची एक जुडी पुन्हा पहिल्यापासून निवडली.

मशीन निवडण्याचं काम माझ्याकडे आलं, कारण मी सांवेर रोडवर औषधांच्या कारखान्यात आहे आणि दिवसभर वाळवण्याचंच काम बघते. गोळ्या करण्याआधीचं ओलं पीठ गरम हवेत उडवून वाळवायचं, हा आमचा विभाग. नवरा मानपूरच्या पुढे रस्त्याच्या कामावर, शनिवारी संध्याकाळी येणार आणि सोमवारी पहाटे जाणार. घरातल्या यंत्रांबद्दल त्याचं मत असं की ती चालतात किंवा चालत नाहीत. तेव्हा मशीन आणणं, बसवणं, नीट ठेवणं आणि त्यावरून बोलणी खाणं, सगळं माझ्याच गळ्यात पडलं.

ते मागच्या मोरीशेजारी बसवलं. या यंत्रात काही जादू नाही. आत हवा गरम होते, फिरणाऱ्या कपड्यांतून जाते, त्यांचं पाणी घेते आणि मागच्या जाड पाइपातून खिडकीबाहेर पडते. वाटेत दारापाशी एक जाळी असते, तिच्यावर कपड्यांचे तंतू अडकून मऊ गादीसारखा थर जमतो. यंत्राची सगळी तब्येत या हवेच्या वाटेवर अवलंबून. मी सासूबाईंना चार गोष्टी शिकवल्या. कपडे आधी धुण्याच्या मशीनमध्ये चांगले पिळून घ्यायचे. दर वेळी जाळी बाहेर काढून साफ करायची. पाइप दबू द्यायचा नाही. वर काही झाकायचं नाही. पहिल्या तिन्ही त्यांनी तिथल्या तिथे मान्य केल्या. चौथीवरून आमचं वाजलं, कारण त्यांनी क्रोशाचं कव्हर विणायला घेतलं होतं. शेवटी ते कव्हर पाण्याच्या फिल्टरवर गेलं आणि मशीनला फक्त कुंकवाचं स्वस्तिक मिळालं. खंडेनवमीला त्याच्यावर झेंडूचं फूल ठेवलं तेही सासूबाईंनीच. आधी घरातल्या विळी-कात्रीपासून स्कूटरपर्यंत सगळ्यांची पूजा सासरे करायचे.

चादरीखाली घालायला काहीतरी जाड आणि मऊ लागायचं, म्हणून सासूबाईंनी ती काढून टाकायला सांगितलेली धोतरं बाहेर काढली. वर्षानुवर्षं धुऊन ती लोण्यासारखी मऊ झाली होती. घडीवर घडी घालून त्या ती अंथरुणात घालायच्या, सकाळी धुवायच्या आणि मशीनमध्ये वाळवायच्या. सासऱ्यांनी ती ओळखली असणारच. ते काही बोलले नाहीत.

जाळीवरून निघणारा तो पांढरा कापसासारखा थर कोणत्या डब्यात टाकायचा, यावर मात्र ते बोलले. इंदूरमध्ये हा प्रश्न कोणी हलक्यात घेत नाही. सकाळी गाणं वाजवत कचऱ्याची गाडी येते, आणि ओल्यात सुकं गेलं तर गाडीवाला सगळ्या गल्लीसमोर विचारतो. सासूबाई म्हणाल्या, ओल्या कपड्यातून निघालं म्हणजे गीलं. सासरे पेपर खाली ठेवून म्हणाले, “सूत आहे ते. सूखा.” गाडीवाल्याने तो पुंजका उचलून बघितला आणि म्हणाला, “ये क्या है आंटीजी, कबूतर का घोंसला?” पण त्याने तो सुक्यातच घेतला. सासरे त्या दिवशी जरा खुशीत होते.

असं काही महिने ठीक चाललं. नंतर थंडीच्या तोंडाशी मशीनने कुरकुर सुरू केली. धोतरं बाहेर काढली तर दमट. पुन्हा लावली तर मशीनचं अंग हात लावू देईना इतकं तापलेलं, आणि मधेच ते गप्प व्हायचं. थोड्या वेळाने थंड झालं की आपोआप पुन्हा चालू. सासूबाई म्हणायच्या, “थकतं बिचारं.” मी म्हणायचे, बघते रविवारी. कारखान्यात तेव्हा तपासणी चालू होती आणि मी घरी येईपर्यंत डोळे मिटायला लागायचे.

रविवारची वाट न बघता सासऱ्यांनी स्वतःच उपाय काढला. ते पाणी पिईनासे झाले. दुपारनंतर पेला पुढे केला की म्हणायचे, आत्ताच प्यायलो. ओठ सुकलेले, बोलताना जीभ टाळूला चिकटायची. एके संध्याकाळी ते खुर्चीवरून उठताना भोवंडले आणि भिंतीला धरून उभे राहिले. मला तेव्हा राग आला. यंत्राचा, त्यांचा, आणि या घरात कुठलीच गोष्ट नावाने न घेण्याच्या पद्धतीचा. मी म्हटलं, “बाबा, मशीन मी दुरुस्त करेन. पाणी पिणं तुमचं काम आहे.” ते “हां हां” म्हणाले आणि पेला टेबलावर तसाच राहिला.

सासूबाईंनी माझ्या नकळत मिस्त्री बोलावला. तो शनिवारी मी घरात असतानाच आला. मशीन चालू केलं, कान लावला, बंद केलं, आणि म्हणाला, “बोर्ड गया मैडम.” मी विचारलं, बोर्ड गेला तर ते तापतं कसं, फिरतं कसं, आणि थंड झाल्यावर स्वतःहून चालू कसं होतं? तो म्हणाला, “वोई तो. बोर्ड पागल हो गया है.” आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. मी त्याला चहा पाजून वाटेला लावलं. सासूबाईंना तो आवडला होता. त्या म्हणाल्या, “भला मानुस होता, तू बी ना, लगेच हाकलतेस.”

रविवारी सकाळी पोहे झाल्यावर मी मोरीत बसले. नवरा दारात चहाचा कप घेऊन उभा राहिला, मदत म्हणून.

अशा कामाचा एक क्रम असतो आणि तो मोडला की माणूस भरकटतो. जे मशीन तापतं आणि मग थांबतं, त्याची तापवणारी तार ठीक असते, थांबवणारा बचावाचा खटकाही ठीक असतो. ते थांबतं कारण गरम हवा आतच कोंडते. म्हणजे वाट कुठे बंद आहे ते शोधायचं. मी आधी जाळी काढली. ती स्वच्छ होती. पाण्याखाली धरली, जुन्या ब्रशने घासली, कारण कधीकधी न दिसणारा साबणाचा पापुद्रा बसलेला असतो. तसं काही नव्हतं, पाणी आरपार गेलं. आतल्या पोकळीत हात घातला, तिथेही जवळजवळ काही नाही. कपड्यांची ओल ओळखणाऱ्या दोन पत्र्याच्या पट्ट्या असतात, त्या व्हिनेगरने पुसल्या. मग मागून पाइप काढून बाजूला ठेवला आणि एक ओलं धोतर टाकून मशीन तसंच चालवलं. मोरी वाफेने भरली, नवऱ्याच्या चष्म्यावर धुकं आलं, आणि धोतर बघता बघता वाळलं. म्हणजे मशीन निर्दोष होतं. दोष त्याच्या बाहेर होता.

पाइप अजून खिडकीत अडकवलेलाच होता. मी त्याच्या या टोकाला डोळा लावला. पलीकडे मागच्या गल्लीतलं ऊन दिसायला हवं होतं. तिथे नुसता पांढरा, अंधूक गोल दिसला, दुधावरच्या सायीसारखा.

घरामागे दोन घरांच्या मधली बोळ आहे, एक माणूस आडवा होऊन जाईल एवढी. मी स्टूल घेऊन तिकडे गेले. पाइपाच्या तोंडावर मलमलीचं चौकोनी फडकं ताणून बसवलेलं होतं आणि भोवती देवपूजेतला लाल दोरा गुंडाळून सुबक गाठ मारलेली होती. श्रीखंडासाठी चक्का बांधताना सासूबाई मारतात, अगदी तशीच गाठ. फडकं आतून भरून पोत्यासारखं फुगलं होतं. मी गाठ सोडली तेव्हा हातात ओंजळभर पांढरट तंतू आला. दारातली जाळी जे अडवू शकत नाही ते सगळ्यात बारीक सूत.

आमच्या कारखान्यातल्या यंत्रावर नेमकी अशीच कापडी पिशवी असते. वेळेवर झटकली नाही की हवा तुंबते, माल ओला राहतो आणि वरून फोन येतात. ही चूक मी रोज पकडते. फक्त लाल दोऱ्यात बांधलेली कधी बघितली नव्हती.

मी फडकं तसंच हातात घेऊन स्वयंपाकघरात गेले. सासूबाई कणीक मळत होत्या. फडकं बघून त्यांचे हात थांबले.

“आई, हे काय आहे?”

“अगं, मी पाइप बंद नाही केला. मलमलच तर आहे, हवा तो निघतेच ना त्यातून.”

“निघत नाही. म्हणून मशीन तापतंय. कशाला बांधलं पण?”

“कापूस हवा होता.”

“कापूस दुकानात मिळतो.”

त्यांनी हाताची कणीक काढली, मागे वळून फळीवरचा पितळी डबा उतरवला आणि माझ्यापुढे उघडला. डबा वातींनी भरलेला होता. फुलवाती, लांब वाती, एकसारख्या वळलेल्या. नीट बघितलं तर त्या दुकानातल्या कापसापेक्षा किंचित मळकट होत्या, हस्तिदंती रंगाच्या. सुक्या कचऱ्याच्या डब्यातून तो पांढरा पुंजका कधीपासून दिसेनासा झाला होता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

“ह्यांच्या धोतराच्या आहेत,” सासूबाई म्हणाल्या. “हे बसत नाहीत ना पूजेला. म्हणतात, मी ओवळा. ठीक आहे, नका बसू. पण मी एकटीने केलेली पूजा मला पूजा वाटतच नाही गं. म्हणून म्हटलं, ह्यांचं सूत तरी देवासमोर जळू दे. रोज सकाळ-संध्याकाळ ह्यांच्याच धोतराचा दिवा असतो. देवाला माहीत आहे. पूजा ह्यांचीच चालू आहे, मी फक्त काडी ओढते.”

“आणि ती धोतरं कुठून निघतात, तेही माहीत आहे त्याला?” मी विचारलं. माझा आवाज मला वाटला त्यापेक्षा कोरडा निघाला.

“धुतलेली असतात,” त्या म्हणाल्या. “आणि नसती धुतली तरी. एवढी वर्षं देवाने ह्यांच्या हातचं घेतलं, आता एवढ्याने नाक मुरडेल तर तो देव कसला?”

मी यंत्राकडे वळले, कारण तिथे माझ्याकडे उत्तरं होती. विचारलं, दारातल्या जाळीवर एवढा कापूस जमतो, तो का पुरला नाही? त्या म्हणाल्या, आधी तोच घ्यायच्या. पण जाळीला ज्याचा त्याचा हात लागतो, त्यात केस येतात, तो ओवळा. पाइपातून येतो तो हवेवर उडून आलेला, कोणी न शिवलेला. म्हणून मलमलही सोवळ्यात बांधली होती, आंघोळ करून. मी सांगितलं की हा कापूस भलताच पेट घेणारा असतो, मशीन तापून त्याला आग लागली असती तर घर गेलं असतं.

“पेटतो चांगला, हे खरं,” त्या म्हणाल्या. “काजळी पण धरत नाही.”

नवरा माझ्या मागोमाग येऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला होता, तिथे आता सासरे उभे होते. नवरा केव्हा बाजूला झाला ते कळलं नाही. सासरे किती वेळ उभे होते ते मी विचारलं नाही. त्यांनी डब्याकडे बघितलं, माझ्या हातातल्या फडक्याकडे बघितलं, मग बायकोकडे. सासूबाईंनी डब्याचं झाकण लावायचा प्रयत्न केला, पण ते तिरकं बसलं. सासरे आत आले, माठातून पेलाभर पाणी घेतलं, तिथेच उभं राहून सगळं प्यायले, आणि पेला विसळून ठेवून निघून गेले.

मी पाइप झटकला, धुतला, उन्हात वाळवून परत बसवला. सासूबाईंशी करार झाला की पाइपाच्या तोंडाला काही म्हणजे काही बांधायचं नाही, कापूस जाळीवरचाच घ्यायचा, आणि जाळीला त्यांच्याशिवाय कोणी हात लावायचा नाही, म्हणजे ती ओवळी होण्याचा प्रश्न नाही. हे त्यांना पटलं. मशीन पहिल्यासारखं चालू लागलं. धोतरं वेळेत वाळायची आणि हाताला ऊबदार लागायची.

सासरे संध्याकाळी त्याच खुर्चीवर, उंबऱ्याबाहेर. फरक एवढाच की ते आता देवांकडे न बघता समईकडे बघायचे. एकदा म्हणाले, “वात पुढे सरकव, तेल घेत नाहीये.” सासूबाईंनी सरकवली. करारही सासऱ्यांनीच मोडला. एका सकाळी मी जाळी बघायला गेले तर ती साफ होती, आणि सासूबाई म्हणाल्या की त्यांनी अजून हात लावलेला नाही. देवघराच्या उंबऱ्याच्या अलीकडे एका ताटलीत पांढरा कापूस ठेवलेला होता, केस-कचरा निवडून. सासूबाईंनी तो ओवळ्या-सोवळ्याचा काही विचार न करता उचलला आणि वाती वळायला बसल्या.

त्यानंतर जानेवारीत एकदा कॉलनीतले खांब बदलायला वीजवाल्यांनी दिवसभर लाइट बंद केली. धुणं कसंबसं झालं होतं आणि वाळवायची वेळ आली तेव्हा मशीन मुकं. सुट्टीचा दिवस होता, मी घरी होते. सासूबाई म्हणाल्या, न्हाणीघरात दोरी बांधते, लाइट आली की बघू. दोरी शोधायला त्या आत गेल्या आणि परत आल्या तर बादली जागेवर नव्हती.

सासरे बादली घेऊन जिना चढत होते. एक पायरी, थांबणं, दुसरी पायरी. त्यांनी आंघोळ केली होती, केस अजून ओले होते. मी मागून जायला निघाले तेव्हा सासूबाईंनी माझा दंड धरला, मग सोडला, आणि दोघी मागे गेलो.

गच्चीवर ऊन चांगलं होतं. जिन्याच्या कोपऱ्यात सोवळ्याची काठी इतके दिवस तशीच उभी होती, तिला कोळ्याने जाळं केलं होतं. सासऱ्यांनी ती पुसली, धोतर काठीच्या टोकावर घेतलं आणि दांडीकडे उचललं. हात खरंच थरथरत होते. ती थाप नव्हती, हे मला तेव्हा कळलं. धोतर दांडीला लागून खाली घसरलं, त्यांनी ते काठीवरच झेललं. पुन्हा उचललं, पुन्हा घसरलं. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होते आणि माझी उंची त्यांच्यापेक्षा जास्त आहे. पण हात लावला असता तर ते ओवळं झालं असतं. एवढं मला आता माहीत होतं. म्हणून मी हात मागे बांधून उभी राहिले, आणि ते मला फार जड गेलं.

शेवटी धोतर चढलं. त्यांनी काठीने त्याची दोन्ही टोकं सारखी केली, सुरकुत्या काढल्या. ज्यासाठी एवढं मशीन आणलं, ते अंथरुणातलं धोतर सगळ्या कॉलनीसमोर उन्हात हलायला लागलं.

शेजारच्या गच्चीवर माळवी गृहस्थ तुळशीपाशी उभे होते. त्यांनी कपाळावर हात धरून वर बघितलं.

“अरे वाह! क्यों काकाजी, पूजा फिर से चालू कर दी क्या?”

सासऱ्यांनी काठी भिंतीला टेकवली आणि त्यांच्याकडे वळले.

“बंद कब हुई थी, भिया?”

मी मागे बघितलं तर सासूबाई जिन्यात नव्हत्या. खाली गेले तेव्हा देवघराबाहेरची खुर्ची जेवणाच्या टेबलापाशी परत गेली होती आणि त्या उंबऱ्याच्या आत पाट मांडत होत्या.